पुण्यात हायड्रेंजिया: गुलाबाच्या छाटणीत ते छाटू नका

दसरा झाला की पुण्यात गुलाबाच्या छाटणीची गडबड सुरू होते. सोसायटीचे माळीदादा सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, घेऊन येतात, गुलाब उरकतात आणि शेजारच्या कुंडीकडे बघून विचारतात, "ताई, हे पण घेऊ का? लई वाढलंय." ती कुंडी हायड्रेंजियाची असेल तर उत्तर एकच: "नको दादा, त्याला हात लावू नका." ऑक्टोबरात छाटलेला गुलाब दीड-दोन महिन्यांत फुलावर येतो. ऑक्टोबरात छाटलेलं हायड्रेंजिया मात्र बहुधा पुढच्या हंगामात नुसती पानं देतं.

नव्याने बाग करणाऱ्यांची या झाडाबद्दलची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. आणलं तेव्हा गुच्छांनी भरलेलं होतं, पुढच्या वर्षी फुललंच नाही. मग खत बदललं जातं, कुंडी बदलली जाते, शेवटी झाड कुणाला तरी देऊन टाकलं जातं. खरं कारण पुष्कळदा चुकीच्या महिन्यात चाललेली कात्री हेच असतं. म्हणून या लेखात छाटणीला सगळ्यात जास्त जागा दिली आहे. त्याआधी झाड पुण्यात नीट जगलं पाहिजे, तर सुरुवात तिथून करू.

झाडाचा स्वभाव

आपल्याकडे नर्सरीत मिळतं ते बहुतेक सगळं हायड्रेंजिया मॅक्रोफायला या जातीचं. मूळ जपानचं झाड, दमट हवेतलं, मोठ्या पानांचं. आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो ती खरं तर रंगीत निदलं, म्हणजे कळीवरचं बाहेरचं आवरण असतात. खरं फूल त्यांच्या मधोमध, मोहरीएवढं. म्हणूनच गुच्छ इतके दिवस टिकतो, हळूहळू हिरवट होतो, पण चटकन गळत नाही.

लक्षात ठेवायची मुख्य गोष्ट ही की हे झाड जुन्या काडीवर फुलतं. यंदा पावसाळ्यात वाढलेल्या काडीच्या शेंड्याला आणि वरच्या पेरांना थंडीच्या दिवसांत फुलाचे डोळे, म्हणजे कळीचे अंकुर, धरतात आणि पुढच्या हंगामात त्यातून गुच्छ बाहेर पडतो. डोळे धरायला गारवा लागतो. साधारण १८ अंशांच्या खाली काही आठवडे तापमान राहिलं तर डोळा चांगला तयार होतो. मुंबईत हे झाड हिरवंगार राहूनही फुलायला कुरकुरतं ते यामुळेच. पुण्याचं नशीब त्या मानाने बरं. नोव्हेंबरपासून रात्री गार होतात, डिसेंबर-जानेवारीत पारा १० ते १२ अंशांच्या आसपास उतरतो. महाबळेश्वर किंवा उटीसारखा बहर इथे येणार नाही हे मान्य करूनच रोप घ्यावं. पण चार-सहा चांगले गुच्छ दरवर्षी मिळणं पुण्यात नक्की शक्य आहे.

पुण्यात या झाडाला तीन गोष्टी जड जातात: एप्रिल-मेचं ऊन, चुनखडीची माती आणि बोअरचं पाणी. ज्याने या तिघांची सोय लावली त्याचं निम्मं काम झालं.

जागा आधी, रोप नंतर

रोप विकत घेण्याआधी एक दिवस बाल्कनीत किंवा गच्चीत ऊन कसं फिरतं ते बघा. हायड्रेंजियाला सकाळचं ऊन हवं, दहा-साडेदहापर्यंतचं. त्यानंतर सावली, पण उजेड भरपूर. पूर्वेची बाल्कनी असेल तर प्रश्नच मिटला. उत्तरेकडची चालते, फुलं थोडी कमी येतात. पश्चिमेची बाल्कनी असेल तर दुपारनंतर भिंतसुद्धा तापते, तिथे ५० टक्के सावलीची हिरवी शेडनेट आणि मोठ्या पानांच्या झाडांचा आडोसा, दोन्ही लागेल. उघड्या गच्चीवर हे झाड ठेवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. उन्हाळ्यात गच्चीची फरशी रात्री नऊपर्यंत गरम असते आणि कुंडीतली मुळं त्यात शिजतात.

थंडीत मात्र कुंडी बाहेरच राहू द्या. पुण्याची थंडी याला सोसवते, नुसती सोसवत नाही तर हवी असते. "गारठेल बिचारं" म्हणून घरात आणलेल्या झाडाला डोळे धरत नाहीत.

रोप कधी आणि कसं घ्यायचं

सोलापूर रस्त्याला हडपसर-मांजरीपासून उरुळी कांचनपर्यंत नर्सऱ्यांची रांग आहे, सिंहगड रस्त्यालाही भरपूर आहेत. एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं, तेव्हा फुललेली झाडं एकाच जागी बघायला मिळतात. बघायला जरूर जा. पण फुललेलं रोप बघून हरखून मार्चमध्ये घरी आणलं तर पुढच्याच महिन्यात त्याला पुण्याचा उन्हाळा भेटतो, तोही नर्सरीतल्या शेडनेटच्या सावलीतून थेट. नवख्या माणसाने रोप जून-जुलैमध्ये घ्यावं. फुलं नसतील, रोप साधंच दिसेल, पण मुळं धरायला सात-आठ महिने हाताशी मिळतात.

घेताना पानं उलटी करून बघा. पानामागे बारीक जाळं किंवा राखाडी धूळ दिसली तर लाल कोळी ही रस शोषणारी कीड आहे, ते रोप घेऊ नका. बुडापासून तीन-चार जाड काड्या निघालेलं रोप एकाच उंच काडीच्या रोपापेक्षा चांगलं. पिशवीच्या खालच्या भोकांतून मुळांचा गुंता बाहेर आला असेल तर ते रोप फार दिवस तिथेच पडून आहे असं समजा.

कुंडी आणि माती

सुरुवातीला १२ इंची कुंडी, दोन वर्षांनी १४ इंची. प्लास्टिकची जाड कुंडी किंवा ग्रोबॅग चालते. मातीची कुंडी दिसायला छान, पण मे महिन्यात ती पाणी फार लवकर सोडते. सिमेंटची कुंडी मात्र या झाडाला नको. तिच्यातून चुना उतरत राहतो आणि आपण मिळवलेला आम्लपणा हळूहळू निघून जातो. निळा रंग आम्ल मातीतच येतो, त्याची हौस असेल तर सिमेंटच्या कुंडीत तो दिसणं कठीणच.

पुण्याची जमीन काळ्या बेसॉल्ट खडकातून आलेली. काळी माती बहुधा अल्कधर्मी असते, तिच्यात चुनखडीचे खडे असतात, पाऊस पडला की चिकटते आणि उन्हात भेगाळते. हायड्रेंजियाच्या मुळांना यातलं काहीच मानवत नाही. म्हणून बंगल्याला अंगण असलं तरी मी कुंडीच सुचवेन. जमिनीत लावायचंच असेल तर दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन खालचं मिश्रण भरावं आणि वाफा जमिनीपेक्षा थोडा उंच ठेवावा.

मिश्रण असं: दोन भाग लाल माती, दोन भाग कोकोपीट, दीड भाग मुरलेलं पानाचं खत किंवा गांडूळखत आणि एक भाग निचऱ्यासाठी परलाइट किंवा भाताचं तूस. वर एक मूठ निंबोळी पेंड. कोकोपीटची वीट भिजवल्यावर दोन-तीन पाण्यांतून काढून पिळून घ्या, तिच्यात मीठ असतं. निचऱ्यासाठी बांधकामावरची कच आणू नका. ती बारीक पुडीसारखी बसते आणि पाणी अडवते.

लाल माती म्हणून जे पोतं मिळतं ते एकदा तपासून घ्या. कोरड्या चमचाभर मातीवर थोडं व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे, ती माती दुसऱ्या झाडांना वापरा. मातीचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ५.५ ते ६.५ असेल तर झाड खूष असतं. ऑनलाइन मिळणारे पीएच पेपर घरगुती कामाला पुरतात.

पाणी

हायड्रेंजियाला पाणी आवडतं, चिखल आवडत नाही. मातीत बोट दोन पेरांपर्यंत खुपसा. ओल लागली तर थांबा, कोरडं लागलं तर खालून पाणी निथळेपर्यंत घाला. उन्हाळ्यात रोज सकाळी लागेल, मे महिन्यात कधी संध्याकाळीही. पावसाळ्यात आठवडा-आठवडा लागणार नाही. थंडीत दोन-तीन दिवसांआड.

दुपारी दोन वाजता पानं मान टाकतात. नवखा माणूस इथे घाबरतो आणि तांब्या घेऊन धावतो. मोठ्या पानांतून बाष्प जितक्या वेगाने जातं तितक्या वेगाने मुळं पाणी पुरवू शकत नाहीत, एवढंच ते असतं. आधी बोट घालून बघा. माती ओली असेल तर काही करू नका, सूर्य कलला की पानं आपोआप उभी राहतात. ओल्या मातीत रोज दुपारी पाणी ओतत राहिलं तर मुळं कुजतात, आणि कुजलेल्या मुळांच्या झाडाचीही पानं अशीच मान टाकतात. मग आणखी पाणी घातलं जातं. झाडं उन्हापेक्षा या फेऱ्यात जास्त दगावतात. संध्याकाळीही पानं उभी राहिली नाहीत तर मात्र खरंच काहीतरी बिघडलं आहे.

आता पाण्याची जात. महापालिकेचं पाणी चालतं. बोअरचं आणि टँकरचं पाणी बहुधा जड असतं, क्षारांचं. कुंडीच्या कडेला पांढरी खपली धरली की ओळखायचं. या पाण्याने मातीचा सामू चढत जातो, झाडाला लोह उचलता येत नाही, आणि नवी पानं पिवळी पडतात पण शिरा हिरव्या राहतात. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी झाडांना घालायची सवय आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे. हायड्रेंजियाला ते अजिबात नको, त्यात क्षार आणखी एकवटलेले असतात. याउलट एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी जवळपास क्षारमुक्त असतं, ते बादलीत साठवून वापरा. पावसाचं पाणी सगळ्यात उत्तम. दोन पिंप भरून झाकून ठेवलीत तर सप्टेंबर-ऑक्टोबर निघून जातो. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, मुळांसाठीही आणि डासांसाठीही.

मातीवर वाळक्या पानांचं दोन इंच आच्छादन टाका. उन्हाळ्यात याचा फरक लगेच दिसतो. फक्त ते खोडाला चिकटू देऊ नका.

छाटणी: कधी

आपल्याकडे हायड्रेंजियाच्या छाटणीचे दोन चुकीचे सल्ले फिरतात. पहिला गुलाबाबरोबर ऑक्टोबरात छाटण्याचा. दुसरा परदेशी व्हिडिओंतून येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाड जमिनीपासून फूटभर ठेवून सगळं उडवून टाकायचं. त्या व्हिडिओत चूक काही नाही, पण ते झाड बहुधा वेगळं असतं. पॅनिक्युलाटा आणि आर्बोरेसेन्स या जाती नव्या फुटव्यावर फुलतात, म्हणून त्यांची अशी खरड छाटणी चालते. त्यांना कडाक्याची थंडी लागते, पुण्यात त्या कुणी सहसा लावत नाही. आपल्या मॅक्रोफायलावर तो प्रयोग केला तर थंडीभर जपलेले सगळे डोळे कचऱ्यात जातात.

पुण्याच्या हवेला धरून वेळ अशी ठरवा. पालख्या शहरातून पुढे गेल्या, पाऊस बसला, की छाटणी करा. म्हणजे साधारण जूनअखेर ते जुलैअखेर. तोवर बहर ओसरलेला असतो, ऊन मवाळ झालेलं असतं, आणि छाटलेल्या काडीला नवा फुटवा फुटून तो पिकायला थंडीआधी तीन-चार महिने मिळतात. त्याच फुटव्यावर पुढचे डोळे धरायचे आहेत. गणपती बसले की सिकेटर पुसून कपाटात ठेवा. त्यानंतर फुटलेला कोंब कोवळाच राहतो आणि कोवळ्या कोंबावर डोळा धरत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये गुच्छ वाळला तर? नुसता गुच्छ देठापासून खुडून टाका, पानं सगळी ठेवा. उन्हाळ्यात तीच पानं खोडाला सावली देतात. भर उन्हात छाटणी केली तर आलेला कोवळा फुटवा करपतो. आणि सप्टेंबरनंतर एखादा चुकार गुच्छ आलाच, तर तोही वाळल्यावर असाच वरच्यावर खुडायचा, खाली उतरायचं नाही.

काही रोपं वर्षभर फुलणारी म्हणून विकली जातात. २००४ साली अमेरिकेत बाजारात आलेल्या 'एंडलेस समर' या वाणापासून जुन्या आणि नव्या अशा दोन्ही काड्यांवर फुलणारी हायड्रेंजिया सर्वत्र पसरली. तुमच्याकडे तसं वाण असेल तर छाटणी चुकली तरी थोडी फुलं मिळतील. पण आपल्याकडे रोपावर वाणाचं नाव असतंच असं नाही. नाव माहीत नसेल तर जुन्या काडीवर फुलणारंच आहे असं धरून चालणं सुरक्षित.

छाटणी: कशी

सिकेटर धारदार हवा, दोन पाती एकमेकींच्या बाजूने सरकणारा. बोथट कात्रीने काडी चिरडते आणि पावसाळ्यात त्या जखमेतून बुरशी शिरते. पाती स्पिरिटने पुसून घ्या. पावसाने उघडीप दिलेली सकाळ निवडा, म्हणजे काप दिवसभरात सुकतात.

कात्री चालवण्याआधी झाडाभोवती फिरून नुसतं बघा. काड्या तीन प्रकारच्या दिसतील: फूल येऊन गेलेल्या, अजून न फुललेल्या धडधाकट, आणि वाळक्या किंवा काडेपेटीतल्या काडीसारख्या बारीक.

पहिल्यांदा वाळक्या काढा. शंका असेल तर नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवं दिसलं तर जिवंत आहे, तपकिरी आणि कोरडं असेल तर मेलेली. मेलेली काडी अर्ध्यात न तोडता बुडापासून, किंवा जिथे हिरवं सुरू होतं तिथपर्यंत काढा. मग त्या बारीक, एकमेकींत घुसलेल्या काड्या. त्यांच्यावर गुच्छ पेलत नाही आणि त्या हवा अडवतात.

आता फुललेल्या काड्या. वाळलेल्या गुच्छाचा देठ बोटांत धरा आणि खाली उतरा. हायड्रेंजियाची पानं समोरासमोर जोडीने येतात. गुच्छाच्या लगेच खालच्या जोडीच्या बगलेत डोळे अगदी बारीक असतात, कधी दिसतही नाहीत. आणखी एक किंवा दोन पेरं खाली या. तिथे पानाच्या देठाच्या बगलेत दोन्ही बाजूंना गुबगुबीत डोळे बसलेले सापडतील, गव्हाच्या दाण्याएवढे, हिरवे, टोकाशी थोडे लालसर. बोट फिरवलं तरी हाताला लागतात. या जोडीच्या वर पाव इंच सोडून काप घ्या. डोळे समोरासमोर असल्याने काप तिरपा घ्यायची गरज नाही, सरळ आडवा चालतो. काप डोळ्याला घासून घेतला तर डोळा वाळतो, फार वर घेतला तर उरलेला खुंट सडत खाली येतो. पाव इंच म्हणजे पाव इंच. कापाला हळद किंवा पेस्ट लावण्याची आवश्यकता नाही, उघडीप मिळाली की तो आपला आपण सुकतो.

झाड फार उंच होऊन कलंडत असेल तर फुललेल्या काड्या एक तृतीयांशापर्यंत खाली घेता येतात. त्याहून खाली नको, आणि शेवटचा काप निरोगी डोळ्यांच्या जोडीवरच यायला हवा.

न फुललेल्या धडधाकट काड्यांना हात लावायचा नाही. इथे माळीदादांशी थोडं बोलावं लागतं, कारण सगळं झाड एका उंचीत गोल कापलेलं नीटनेटकं दिसतं. मेंदीच्या कुंपणाला ते ठीक आहे. इथे ज्या काड्या यंदा फुलल्या नाहीत त्याच पुढच्या वर्षीचा भरवशाचा बहर आहेत.

पहिली दोन वर्षं एवढीच छाटणी पुरे. झाड तीन वर्षांचं झालं, बुडाशी काड्यांची गर्दी झाली, की दरवर्षी सगळ्यात जुन्या, साल सुटलेल्या, जाड काड्यांपैकी एक चतुर्थांश ते एक तृतीयांश काड्या मातीच्या पातळीवरून काढा. त्या जागी बुडातून नवे फुटवे येतात आणि झाड तरुण राहतं. कुंडी बदलायची असेल तर तीही याच वेळी.

थंडी सरत आली की केलेल्या कामाचा पडताळा घेता येतो. काडीच्या शेंड्याचा डोळा जाड, गोलसर आणि फुगीर असेल तर त्यात बहुधा फूल आहे. चपटा, टोकदार आणि बारीक असेल तर पानं. डिसेंबर-जानेवारीत काही पानं पिवळी पडून गळतील, खोड उघडं पडेल. झाड विश्रांती घेतंय, त्याला नत्राचं खत देऊन उठवू नका.

निळा की गुलाबी

रंग ठरतो मातीतलं ॲल्युमिनियम झाडाला मिळतं की नाही यावर. माती आम्लधर्मी असेल, सामू साधारण ५.५ च्या खाली, तर ॲल्युमिनियम विरघळलेल्या रूपात मिळतं आणि गुच्छ निळा होतो. सामू ६.५ च्या वर गेला की ते मातीतच अडकून राहतं आणि गुच्छ गुलाबी येतो. मधल्या सामूला जांभळट. पांढरी वाणं पांढरीच राहतात, त्यांच्यावर मेहनत घेऊ नका.

नर्सरीतून निळं आणलेलं झाड पुण्यात दुसऱ्या वर्षी गुलाबी फुलतं ते माती-पाण्यामुळे. यात झाडाचं काही बिघडलेलं नसतं, आणि गुलाबीही फार सुंदर दिसतं. तरी निळाच हवा असेल तर किराणा दुकानातली तुरटी उपयोगी पडते, तिच्यात ॲल्युमिनियम असतं. दहा लिटर पाण्यात एक चहाचा चमचा तुरटीची पूड विरघळवा, आधी साध्या पाण्याने माती भिजवा आणि मग हे पाणी घाला. कोरड्या मातीत तुरटी गेली तर मुळं भाजतात. ऑक्टोबरपासून कळी दिसेपर्यंत दर पंधरा दिवसांनी. कळीला रंग चढल्यावर सुरू केलं तर त्या बहरावर परिणाम होत नाही. या काळात हाडांची पूड, सुपर फॉस्फेट आणि चुलीची राख बंद ठेवा. पहिल्या दोन्हींतलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, ॲल्युमिनियमला मातीत बांधून टाकतं आणि राखेने सामू चढतो. नव्या मातीच्या छोट्या झाडाला पहिलं वर्ष तुरटी देऊच नका.

कुंडीत गंजलेले खिळे पुरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. खिळ्यात लोह असतं, ॲल्युमिनियम नाही, त्यामुळे निळा रंग त्यातून येत नाही. लिंबू पिळल्याने सामू दोन दिवस उतरतो आणि परत चढतो. चहाचा चोथा खत म्हणून चांगला, पण साखर-दूध धुऊन आणि मुरवूनच घाला, नाहीतर मुंग्या आणि चिलटं.

खत, रोग, कीड

छाटणीनंतर एक ओंजळ गांडूळखत आणि एक मूठ निंबोळी पेंड. सप्टेंबरपर्यंत दर महिन्याला थोडं गांडूळखत, किंवा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) लिटरला २ ग्रॅम घेऊन पंधरा दिवसांनी एकदा. ऑक्टोबरपासून नत्र बंद. ०:०:५० (फक्त पालाशचं खत) लिटरला २ ग्रॅम, महिन्यातून एकदा, दोन वेळा दिलं की काड्या पिकायला मदत होते. जास्त खताने झाड नुसतं पानांनी माजतं. पिवळ्या पानांवर चिलेटेड फेरस अर्धा ते एक ग्रॅम लिटरला घेऊन संध्याकाळी फवारा, आणि पाणी बदला, कारण मूळ दुखणं तिथे असतं.

पावसाळ्यात पानांवर जांभळट-तपकिरी ठिपके येतात. ती पानं काढून टाका, कुंड्यांमधलं अंतर वाढवा, पाणी पानांवर न घालता मातीवर घाला. थंडीत भुरी, म्हणजे पानांवर पांढरी बुरशी, दिसली तर पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, पण कडक उन्हाच्या दिवसांत नाही, पानं भाजतात. उन्हाळ्यात लाल कोळी आला तर दोन-तीन दिवस सकाळी पानांच्या मागच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा, आणि न गेल्यास कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिली, साबणाचे थेंब टाकून, ऊन उतरल्यावर.

घरात रांगणारं मूल, कुत्रा किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा. हायड्रेंजियाची पानं, कळ्या आणि फुलं खाल्ल्यास विषारी असतात. केकवर किंवा जेवणाच्या ताटात सजावट म्हणूनही ही फुलं ठेवू नका.

छाटलेल्या काड्यांची रोपं

जुलैत काढलेल्या काड्या टाकून देऊ नका. हिरव्या, न फुललेल्या शेंड्याची काडी सगळ्यात लवकर मुळं धरते. बारीक म्हणून काढलेल्यांत अशा दोन-चार सापडतातच. पाच-सहा इंचांचा तुकडा घ्या, खालचा काप पेराच्या लगेच खाली. खालची पानं काढा, वरची एकच जोडी ठेवा आणि तीही अर्धी कापा, म्हणजे बाष्प कमी जाईल. धुतलेलं कोकोपीट आणि परलाइट समप्रमाणात भरलेल्या कपात एक पेर आत जाईल अशी खोचा. वरून पारदर्शक पिशवीचं टोपण, ऊन अजिबात नाही. पिशवी दिवसातून एकदा उघडून हवा द्या. पावसाळी हवेत तीन-चार आठवड्यांत मुळं सुटतात. काडी हलकेच वर ओढून बघा, अडली तर मुळं आहेत.

छोट्या रोपाला पहिल्या वर्षी एखादी कळी आली तर मन घट्ट करून ती खुडा. सप्टेंबरात ६ इंची कुंडीत, पुढच्या पावसाळ्यात १२ इंचीत. पहिला उन्हाळा त्याला मोठ्या झाडाच्या सावलीतच काढू द्या.